प्रोजेक्टरच्या खोलीचं दार

दुपारच्या खेळाला जुन्या प्रोजेक्टरमध्ये फिल्म अडकली आणि दिव्याच्या झोतासमोर भपकन पेटली. ऑपरेटरने पुढचं सगळं त्याला हे काम शिकवणाऱ्या उस्तादांनी सांगितलं होतं तसंच केलं. साखळी ओढली, भिंतीतल्या खिडक्यांवर लोखंडी झडपा धाडकन पडल्या, तो बाहेर आला आणि दार लावून घेतलं. ही जुनी फिल्म एकदा पेटली की पाण्याला दाद देत नाही की वाळूला. आग आतच कोंडायची, प्रेक्षकांना वाचवायचं आणि दार उघडायचं नाही, हा तिथला नियम. नवख्यांना तो हे छाती काढून सांगत आला होता.

एकच गोष्ट राहिली. आत त्याची बायको होती. दुसऱ्या यंत्रामागे बसून ती रिळं गुंडाळायची. पगार एकाचा, राबायचे दोघं.

दारावर थापा पडल्या. "अहो, मी आत आहे! दार उघडा!"

त्याने ऐकलं, आणि ऐकून हँडल दोन्ही हातांनी वर धरून ठेवलं. नियम आहे, असं स्वतःला बजावलं खरं, पण नियम गेला खड्ड्यात. त्याची पाचावर धारण बसली होती. फटीतून येणारा तो पिवळा धूर आपल्या अंगावर येईल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. मग जिन्यात मॅनेजरची पावलं वाजली आणि गडी एकदम शूर झाला. दार उघडलं, आत हात घातला आणि तिला ओढून बाहेर काढलं.

आग किरकोळच निघाली. रिळाच्या डब्याच्या तोंडाशी फिल्म दाबून धरणारे रूळ होते, त्यांनी ती डब्यात शिरू दिली नाही. हातभर फिल्म जळून कारभार आटोपला. मॅनेजरने मात्र खाली सगळ्यांसमोर त्याला मिठीच मारली.

"आधी लोकांना वाचवलं, मग आगीत शिरून बायकोला काढलं! असा माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी आपल्या थोबाडीत द्यावी, असं त्याला मनापासून वाटलं. कुणी दिली नाही. बायको खोकत उभी होती. मॅनेजरने विचारलं तेव्हा म्हणाली, "हो ना, ते होते म्हणून वाचले." शरमेने त्याचे कान तापले.

घरी तिने तोंडावर पाणी मारलं. हा टॉवेल घेऊन मागे उभा, पण तिच्या नजरेला नजर देववेना. गप्प राहिला असता तरी निभावलं असतं, पण जीभ वळवळलीच.

"धुरात काही कळेना गं. तुझा आवाज ऐकूच आला नाही मला, शपथ."

तिने टॉवेल घेतला, डोळे टिपले.

"आवाजाचं सोडा," ती म्हणाली. "मी हँडल खाली दाबत होते आणि पलीकडून ते वर रेटलं जात होतं. इतका संसार केला, तुमच्या हाताचा जोर ओळखणार नाही का मी?"