बुटके म्हणून आणलेल्या झाडाची कैफियत

मित्रांनो, मी खांदेश्वरच्या एका सोसायटीतील जुना रहिवासी आहे. फाटकातून आत येताच डावीकडे काळ्या दगडांची एक लहानशी बाग दिसते, तिच्या मधोमध मी उभा आहे. एकोणीस वर्षे उभा आहे. उभे राहण्याने झाडे थकत नाहीत, असे तुम्हांला वाटत असेल. पूर्वी मलाही तसेच वाटे.

माझा जन्म कुठे झाला ते मला आठवत नाही. स्मरणाच्या पहिल्या टोकाला एक काळी पिशवी आहे, तिच्यातली ओली माती आहे आणि नर्सरीवाल्याचा आवाज आहे. "साहेब, बुटकी जात आहे. गुडघ्याच्या वर जाणार नाही, गॅरंटी!" त्या एका वाक्याने माझे आयुष्य ठरले. नाव त्याने सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही.

तेव्हा इमारतीचा रंग नवा होता आणि सोसायटीचे अध्यक्ष दिनानाथ सावंत यांचे केस काळे होते. दगडांची बाग ही त्यांची हौस. करंजाड्याच्या बाजूने टेम्पो भरून दगड आणवून त्यांनी ते स्वतःच्या हातांनी रचले होते. साताऱ्याकडचा कोंडिबा माळी दर पंधरवड्याला कात्री घेऊन येई आणि मला चेंडूसारखा गोल करून जाई. "गप ऱ्हा लेकरा, झालंच आता," असे तो मला समजावी. माझी पाने सुयांसारखी होती. टोचत ती त्याच्याच हातांना.

"किती सुंदर! प्लास्टिकचं आहे का हो?" पाहुणे विचारत. ही स्तुतीच आहे, असे मी धरून चालत असे. तुमच्यासारखी मुले मला विद्येचे झाड समजून माझी डहाळी पुस्तकात ठेवत. पुस्तकाच्या पानांना भोके पडत, गुण मात्र वाढत नसत. तरीही परीक्षा जवळ आली की मुले पुन्हा येत. ते दिवस चांगले होते.

पुढे कोंडिबाचे गुडघे धरले आणि तो गावी गेला. नवा माळी ठेवण्याचा विषय दरवर्षी सभेत निघे आणि दरवर्षी पुढच्या सभेवर ढकलला जाई. कात्री थांबली आणि मी वाढलो. त्यात माझा काही हेतू नव्हता. वरच्या फांद्यांना सुयांऐवजी खवल्यांसारखी मऊ पाने फुटली. खालच्या फांद्या टोचऱ्याच राहिल्या. माझ्या मुळांनी दगड उचलले, त्यांतले दोन वाटेवर घरंगळले. मी पहिल्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत पोचलो तेव्हा माझ्याकडे कौतुकाने पाहणारे कोणी उरले नव्हते.

यंदाच्या सभेत मला तोडायचे ठरले. त्यासाठी महापालिकेकडे अर्ज करावा लागतो. 'झाडाचा प्रकार' या रकान्यात सावंतांनी लिहिले, 'अज्ञात, बुटका'. 'संख्या' या रकान्यात लिहिले, 'दोन'. खाली टोचरी पाने आणि वर मऊ, म्हणजे ही एकमेकांत गुंतलेली दोन झाडे असणार, असे सभेने एकमताने मंजूर केले होते.

अर्ज परत आला. सचिव राजश्रीताईंना हसू आवरेना. "काका, तिकडचे क्लार्क काय बोलले माहितेय? पंधरा फुटांचं झाड बुटकं, तर तुमच्या सोसायटीत उंच कशाला म्हणतात? आधी नाव आणा बोलले."

"नाव काय त्याच्या कपाळावर लिहिलंय?" सावंत तडकले. "एवढी वर्षं पाणी घातलं, आता बारसं पण मीच करू?"

तिसऱ्या मजल्यावर नफिसा मॅडम नुकत्याच राहायला आल्या होत्या. त्या पनवेलच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात. सावंतांनी त्यांना खाली बोलावले. त्यांनी माझी एक फांदी हातात घेतली आणि बुंध्यापासून टोकापर्यंत हळूहळू बोटे फिरवली.

"काका, ही एकच फांदी बघा. इथे टोचते आणि टोकाला मऊ आहे. झाड एकच आहे. लहानपणीची पानं सुईसारखी, मोठेपणीची खवल्यांसारखी. हा जुनिपर आहे. आणि बुटका तर अजिबात नाही."

"म्हणजे अजून वाढणार?"

"वाढणार ना."

"मग तर तोडायलाच पाहिजे!"

मॅडमचा हात फांदीवरच राहिला. "मला वाटलं, झाड जपायला नाव हवंय."

"अर्जाला हवं होतं हो, मॅडम."

त्या संध्याकाळी मला प्रथमच कळले की मी कोण आहे. बुटका म्हणून मी एकोणीस वर्षे चुकत आलो होतो; जुनिपर म्हणून मात्र मी अगदी वेळेवर वाढलो होतो.

सावंतांनी नाव घालून अर्ज पुन्हा दिला, आणि परवा पालिकेचा माणूस माझ्या खोडाला नोटीस बांधून गेला. माझे नाव मला प्रथमच लिहिलेले दिसले, ते तिच्यावर. कोणाची हरकत असल्यास सात दिवसांत लेखी कळवावी, असे तिच्यात म्हटले आहे. नफिसा मॅडमनी त्याच दिवशी हरकत लिहून दिली. 'हे झाड आता दुसरीकडे नेता येणार नाही. दगड नेता येतील.' ती वाचून सावंत एवढेच पुटपुटले, "ते दगड मी हाताने रचलेत." मला त्यांचा राग येत नाही. त्यांना एक लहानशी बाग हवी होती, आणि मी लहान राहू शकलो नाही.

मित्रांनो, खरे सांगतो, मी थकलो आहे. तुम्ही उद्या एखादे झाड लावाल, तेव्हा आधी त्याचे नाव विचारा. ते मोठेपणी केवढे होणार तेही विचारा, आणि पहिल्याच दिवशी त्याला तेवढी जागा द्या. माझ्यासाठी हा सल्ला उशिरा आला. माझ्यासाठी पाच दिवस उरले आहेत, आणि हरकतीच्या कागदावर सही एकच आहे. तुमच्या सह्या तिथे चालत नाहीत, पण तुमच्या आईवडिलांच्या चालतात. आज जेवताना त्यांना विचाराल का, दगड थोडे मागे सरकवले तर कोणाचे काही अडेल का?