यादीत कुस्ती नव्हती

मंगळवारी सकाळी अकरा वाजता रेडविलो स्टेट युनिव्हर्सिटीच्या बास्केटबॉल हॉलमध्ये बँड वाजला, कुलगुरूंनी नवा झेंडा उलगडला आणि गावाला कळलं ते असं: एकसष्ट वर्षं युनिव्हर्सिट्यांच्या ज्या गटात, अप्पर प्रेअरी कॉन्फरन्समध्ये, आपण खेळलो ती सोडायची आणि येत्या जुलैपासून गल्फ सेंट्रल कॉन्फरन्समध्ये जायचं. म्हणजे आता सामने साउथ डकोटा आणि आयोवातल्या शेजाऱ्यांशी नाहीत, टेक्सास-लुइझियानातल्या बड्या संघांशी. फुटबॉल टीव्हीवर दिसणार. लोक उठून उभे राहिले, टाळ्या थांबेनात. सगळे कोच स्टेजवर ओळीने उभे होते आणि प्रत्येकाच्या हातात एक नवी टोपी आणि एक छापील पत्रक दिलेलं होतं.

विन्स होलुब ओळीत शेवटून दुसरा. कुस्तीचा कोच, तेवीस वर्षं इथेच. कुलगुरूंचं भाषण रंगात आलेलं असताना त्याने पत्रक उलटवून पाहिलं. मागच्या बाजूला नव्या कॉन्फरन्समधल्या खेळांची यादी होती. त्याने ती बोट ठेवून वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. गोल्फ होतं, टेनिस होतं, वाळूत खेळायचा व्हॉलीबॉलसुद्धा होता. कुस्ती नव्हती.

"विन्स, हस की," शेजारची पोहण्याची कोच ओठ न हलवता पुटपुटली. "फोटो काढतायत."

तो हसला. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात त्याचा तो फोटो छापून आला. त्यात तो इतरांपेक्षा जास्तच खूश दिसत होता.

क्रीडा संचालक मेरिडिथ कॉल्डवेल यांनी त्याला दुपारी बोलावून घेतलं. बाई दोन वर्षांपूर्वी टेनेसीहून आलेल्या, वयाने त्याच्याहून वीसएक वर्षांनी लहान, पण गोल गोल बोलायची सवय नसलेल्या.

"तुम्हाला आधी सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "वकिलांनी तोंड उघडू दिलं नाही."

"कुस्ती बंद करताय का?"

"माझी तशी इच्छा नाही. पण कॉन्फरन्सच नसेल तर तुमची मुलं राष्ट्रीय स्पर्धेला जाणार कुठल्या दारातून? निवड कॉन्फरन्सच्या स्पर्धेतूनच होते."

"हे मला माहीत आहे हो. पस्तीस वर्षं हेच करतोय."

"मग ऐका. बाकीचे खेळ इकडे, एक खेळ दुसऱ्या कॉन्फरन्सचा पाहुणा म्हणून तिकडे, असं चालतं. बऱ्याच ठिकाणी चालतं. एक मेपर्यंत कुठल्यातरी कॉन्फरन्सचं तुम्हाला घेतो म्हणून पत्र आणा. नाही आलं, तर कुलगुरू हे शेवटचं वर्ष म्हणून जाहीर करतील."

"मी आणायचं?"

"अप्पर प्रेअरीवाले माझा फोनसुद्धा घेत नाहीत, विन्स. आपण सोडून चाललोय ना त्यांना. तुमची तरी ओळख आहे."

ओळख होती हे खरं. अप्पर प्रेअरीत आता सात युनिव्हर्सिट्या उरणार होत्या आणि पाहुणा घ्यायचा तर सातांपैकी पाच मतं लागणार होती. प्रत्येक ठिकाणचे संचालक आपल्या कुस्तीच्या कोचला विचारूनच मत देणार, हे उघड होतं. होलुबने दुसऱ्या दिवसापासून फोन लावायला सुरुवात केली. सहा जणांशी बोलणं झालं. चौघे कुरकुरत का होईना, हो म्हणाले. दोघांनी सरळ नकार दिला. त्यातला आयोवाचा लू ड्रेसेन तर फोनवर खो खो हसलाच.

"लग्न तिकडे लावताय आणि जेवायला इकडे येणार होय रे?"

"लू, मी कुणाशी लग्न लावलेलं नाही. मला वरातीत उभं केलं."

"टोपी छान दिसत होती तुला!"

सातवं मत बार्टलेट स्टेटचं. तिथला कोच आर्लन टायगन. होलुबने त्याला चार वेळा फोन केला, चारही वेळा त्याने उचलला नाही. दोघांचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. स्पर्धेत समोरासमोर आले की हात मिळवायचे, तेवढंच. आठव्या दिवशी टायगनचा निरोप आला. एकच ओळ. शनिवारी घरी आहे, ये.

बार्टलेटला गाडीने साडेचार तास लागतात. निघताना बायकोने, डार्लीनने, खसखशीच्या कोलाच्यांचा, म्हणजे सारण भरलेल्या गोड पावांचा, डबा त्याच्या हातात दिला.

"लाच देतेयस?" होलुब म्हणाला.

"रिकाम्या हाताने गेलास तर तू तोंड उघडशील आणि काहीतरी बोलून बसशील. त्याला काहीतरी खायला दे आणि तू गप्प बस."

एप्रिलचा दुसरा शनिवार होता. शेतांत अजून काही उगवलेलं नव्हतं, रस्त्याकडेच्या खड्ड्यांत शेवटचा काळपट बर्फ उरलेला. गाडी चालवताना रेडिओ लावायचं होलुबच्या डोक्यात आलं नाही. अकरा वर्षांपूर्वीची सकाळ त्याला आठवत होती. खरं तर ती तो कधी विसरलाच नव्हता.

तेव्हा कॉन्फरन्सची स्पर्धा बार्टलेटलाच होती. पहाटेचं वजन चाललेलं. टायगनचा धाकटा मुलगा सोरेन बापाच्याच संघात होता. १४१ पौंडांच्या गटात, शेवटचं वर्ष, त्या हंगामात तीनच कुस्त्या हरलेला. तो काट्यावर चढला आणि आकडा हलायला लागला. एकदा थोडा वर, एकदा बरोबर, पुन्हा वर. नियमाप्रमाणे तीन वेळा चढता येतं. तीनदा झालं, काटा काही ठरेना. पंच म्हातारा आणि भला माणूस. तो म्हणाला, चढ बाळ, पुन्हा एकदा. सोरेन चढला आणि आकडा बरोबर आला. पंच नाव लिहिणार इतक्यात मागून होलुब म्हणाला, "हे चौथ्यांदा झालं."

पंचाने पेन खाली ठेवलं. सोरेन त्या स्पर्धेत खेळला नाही, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेलाही गेला नाही. त्या गटातली जागा गेली होलुबच्या मल्लाला. संध्याकाळी टायगनने त्याला दारात गाठून फक्त एवढंच विचारलं होतं, "झोप येईल तुला?" आणि होलुब म्हणाला होता, "नियम मी केलेला नाही."

टायगन गॅरेजमध्ये होता. मासेमारीची बोट ट्रेलरवर चढवून तिच्या इंजिनात हात घालून उभा होता. केस पार पांढरे झालेले, पण मान अजून तशीच, खांबासारखी.

"आलास," तो म्हणाला. "ते पान्यांचं डबडं सरकव इकडे."

होलुबने डबडं सरकवलं, कोलाचे बाकावर ठेवले आणि डार्लीनने सांगितल्याप्रमाणे गप्प उभा राहिला. टायगनने हात पुसले, एक कोलाचा उचलला आणि दोन घासांत संपवला.

"खसखस. बरी आहे." त्याने दुसरा उचलला. "किती मुलं आहेत तुझ्याकडे?"

"सव्वीस."

"तो आरेयानो अजून आहे का? १३३वाला?"

"आहे. त्याचं एक वर्ष राहिलंय."

"पट काढायला चांगला आहे. डावा पाय मात्र उघडा टाकतो."

"सांगून दमलो मी."

टायगन पुन्हा इंजिनाकडे वळला. होलुबने विचारलं, "सोरेन कसा आहे?"

"डेन्व्हरला असतो. लिफ्ट दुरुस्त करतो. दोन पोरी आहेत, दोघी हॉकी खेळतात. कुस्ती टीव्हीवरसुद्धा बघत नाही." टायगनने बोटीच्या कडेवर हात टेकला. "तुझ्यामुळे, असं मी म्हणत नाही. म्हणजे, एखाद्या दिवशी म्हणतोही."

"नियम मी बरोबर सांगितला होता, आर्लन."

"ठाऊक आहे रे. चुकीचा सांगितला असतास तर तेव्हाच तुला उचलून आपटला असता आणि विषय संपला असता."

होलुबला इथे गप्प बसायचं होतं. डार्लीनने बजावलं होतं आणि त्यालाही ते पटलेलं होतं. पण साडेचार तास जे तोंडाशी येत होतं ते आलंच.

"एक सांगतो. त्या सकाळी दहा गटांची वजनं झाली. बाकीच्या नऊ गटांत कोण किती वेळा काट्यावर चढलं, मला विचारशील तर सांगता येणार नाही. मी बघतच नव्हतो. १४१ला माझा मल्ल होता, तो सोरेनकडून दोनदा हरलेला. म्हणून फक्त तिथेच मोजत होतो. पहिल्यापासून."

टायगनने त्याच्याकडे पाहिलं नाही. इंजिनाचं झाकण बसवलं, चारही स्क्रू आवळले, घाई न करता.

"हे तेव्हा सांगितलं असतंस तर?" तो शेवटी म्हणाला.

"मारलं असतंस."

"मारलं असतंच. पण अकरा वर्षं वाचली असती." त्याने पाना डब्यात टाकला. "माझं मत गुरुवारीच देऊन झालंय. हो म्हणून. पाच झाली तुझी."

होलुबला रागच आला. "मग मला इथवर कशाला बोलावलंस? फोनवर सांगता आलं नसतं?"

"फोनवर सांगितलं असतं तर तू आला असतास का?"

होलुबने कोलाच्यांच्या डब्याचं झाकण लावलं.

"मत तुझ्यासाठी नाही दिलं," टायगन म्हणाला. "सव्वीस पोरांचं तुझ्या कुलगुरूंच्या टीव्हीपायी वाटोळं व्हावं असं मला वाटत नाही. चल, ती बोट बाहेर ढकलायला हात लाव."

दोघांनी मिळून बोट बाहेर काढली. जेवायला थांब असं टायगन म्हणाला नाही, आणि होलुबलाही ते अपेक्षित नव्हतं. डबा मात्र टायगनने ठेवून घेतला.

पत्र आलं ते एप्रिल संपायला चार दिवस असताना. दोन वर्षांची परवानगी, आणि अटी भरपूर. स्पर्धा भरवायला मिळणार नाही. प्रवासाचं तुमचं तुम्ही बघा. मुलं स्पर्धेत उतरतील, जिंकली तर राष्ट्रीय स्पर्धेलाही जातील, पण संघाच्या गुणांत रेडविलोचं नाव नसेल. मेरिडिथबाईंनी पत्र दोनदा वाचलं.

"अपमान करायचा म्हणून लिहिलंय असं वाटतं," त्या म्हणाल्या.

"लू ड्रेसेनने लिहिलं असणार. चालेल मला."

तालमीच्या खोलीत त्याने मुलांना मॅटवर बसवून सगळं आहे तसं सांगितलं. काही लपवलं नाही. दोन वर्षांनंतर काय, हे आपल्याला माहीत नाही, हेही सांगितलं. ज्यांना दुसरीकडे जायचंय त्यांनी जा, मी स्वतः फोन करून शब्द टाकीन, म्हणाला.

डिएगो आरेयानोने हात वर केला. लेक्झिंग्टनचा पोरगा, आईबाप दोघं मांसाच्या कारखान्यात. "कोच, म्हणजे मी जिंकलो तर गुण कुणाला?"

"कुणालाच नाहीत."

"मग जिंकलं कोण?"

"तू. आणखी कोण पाहिजे तुला?"

मुलं हसली. तरी उन्हाळ्यात सहा जण गेले. त्यातल्या दोघांवर होलुबने फार मेहनत घेतली होती. त्यांच्यासाठीही त्याने फोन केले, आणि चांगलंच बोलला.

पुढचा हंगाम कसाबसा निघाला. फुटबॉल संघ विमानाने ह्यूस्टनला जाऊन सपाटून मार खाऊन आला, आणि तरीही गाव खूश होतं. कुस्तीवाले दोन भाड्याच्या व्हॅन घेऊन त्याच जुन्या रस्त्यांवर फिरत होते. ज्या गावांत पूर्वी त्यांच्या नावाने हुर्यो व्हायची तिथे आता लोक जरा दयेनेच टाळ्या वाजवत. मुलांना हुर्यो बरी वाटायची.

मार्चमध्ये कॉन्फरन्सची स्पर्धा आयोवात झाली. आरेयानो अंतिम फेरीत गेला आणि टायगनच्याच मल्लाकडून हरला, पाच-चार. शेवटच्या वीस सेकंदांत डावा पाय उघडा पडला. दुसऱ्या क्रमांकालाही राष्ट्रीय स्पर्धेत जागा होती, तरी तो खांद्यावर टॉवेल टाकून भिंतीकडे तोंड करून बसला. होलुब शेजारी जाऊन बसला.

टायगन जाता जाता थांबला. आरेयानोला म्हणाला, "दोन आठवडे आहेत तुला. तो पाय मागे घे. तुझा कोच सांगतो ते ऐक, बाकी कशात नसली तरी यात त्याला अक्कल आहे." मग होलुबकडे वळून, "सोरेनने विचारलं होतं, तुझं काय झालं म्हणून."

"काय सांगितलंस?"

"अजून आहे म्हणून."

बाहेर वारा सुटला होता आणि पार्किंगमध्ये व्हॅनची दारं हातातून निसटत होती. मुलं दोन्ही गाड्यांत कोंबून बसली, कुणीतरी सँडविचची पिशवी फिरवली. आरेयानो पुढे होलुबशेजारी बसला. शहराबाहेर पडेपर्यंत त्याने निम्मं सँडविच संपवलं आणि मग विचारलं, उद्या तालीम किती वाजता.

"सहाला," होलुब म्हणाला, आणि पहिले शंभर मैल गाडी त्यानेच चालवली.