निकोटिनची कुलुपं

“हा मेंदू मी कापणार,” सुरीबाई म्हणाली, तेव्हा प्रयोगशाळेतले डॉक्टर तिच्याकडे बघतच राहिले. मेंदूचे काप करण्यात तिचा हात इतका बसलेला, की हे नावच पडलं होतं. पण आजचा मेंदू तिच्या वडिलांचा होता. मरण्याआधी त्यांनीच तो संशोधनासाठी लिहून दिला होता.

“घरच्या माणसाचा कोणी कापतं का?”

“दुसऱ्याच्या हाती देववत नाही.” हे अर्धंच खरं होतं. तिला बघायचं होतं, खोटं कोण होतं.

चाळीस वर्षं सिगारेट ओढून वडिलांनी ती सोडल्याचं सांगितलं. सहा महिन्यांनी त्यांच्या कोटाला धुराचा वास आला. शेजारी ओढतो, मी नुसता त्याच्यापाशी बसतो, असं ते म्हणाले. त्यांच्याच धुराने आईला खोकून खोकून गेलेलं पाहिलेल्या मुलीला ते पटलं नाही. तोंडावर खोटारडे म्हणाली आणि जाणं-येणं तोडलं. वर्षभरात ते गेले.

मेंदूत निकोटिन चिकटतं ती कुलुपं पाच-पाच तुकड्यांची असतात. तुकडे बदलले की कुलपाची जात बदलते. त्यातली एक जात ओढणाऱ्याच्या डोक्यात वाढत जाते आणि सोडल्यावर काही महिन्यांत पूर्ववत होते. कुलुपांना चिकटणारं किरणोत्सारी द्रव्य लावून मेंदूचा काप फिल्मवर ठेवला, की जिथे ही कुलुपं दाट तिथे फिल्म काळी पडते. वीस वर्षं ती हेच बघत आली होती.

गारठलेल्या यंत्रावर तिने कागदाहून पातळ काप काढले.

काही आठवड्यांनी तिने वडिलांची आणि त्यांच्याच वयाच्या दोघांची, अशा तीन फिल्म उजेडावर धरल्या. दुसऱ्या एका जातीची कुलुपं तिघांत सारखीच होती. ओढल्याने वाढणाऱ्या जातीची मात्र ओढणाऱ्याची फिल्म काळीकुट्ट, न ओढणाऱ्याची फिकट राखाडी. वडिलांचीही फिकटच. तिने तिच्यावरचा नंबर ताडून पाहिला, ती पुन्हा पाहिली.

“यांनी बरेच महिने आधी सोडलेली दिसते,” मागून डॉक्टर म्हणाले. “चाळीस वर्षांनंतर! जिद्दीचे होते हो तुमचे वडील.”

“सांगत होते ते,” ती म्हणाली.

वडील गेल्यावर भरलेला त्यांच्या माहितीचा अर्ज तिने काढला. सिगारेटच्या रकान्यात तिच्याच अक्षरात ‘शेवटपर्यंत, चोरून’ असं होतं. तिने ते खोडून ‘सोडली होती’ असं लिहिलं. खाडाखोडीशेजारी सही लागते, ती केली. खाली माहिती देणाऱ्याचं नातं लिहिलेलं होतं: मुलगी. तिथे तिने बोट ठेवलं.