वाहेदभाईची पक्की शिवण

"अब्बा, ये लेबल नै. इसपे एअरबॅग लिखा है," गौसिया म्हणाली.

सकाळीच वाहेदने भागवतच्या गाडीला नवी सीट कव्हरं चढवली होती. सीटच्या कडेला बाहेर आलेली कापडी चिठ्ठी फिटिंग बिघडवत होती, म्हणून त्याने ती शर्टाच्या लेबलासारखी कापून टाकली. वर दुहेरी टाका मारला. तीस वर्षं मेहकरात त्याच्या टाक्याला तोड नव्हती.

गौसियाने बापाला समजावलं. धडक बसली की सीटबेल्ट माणसाला आवळून धरतो, समोरची एअरबॅग डोकं-छाती झेलते आणि बाजूची सीटची शिवण फाडून दारापाशी फुगते. सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. एकीची वाट अडली तर तिचं काम दुसरी करत नाही.

वाहेदने लगेच भागवतला फोन लावला. भागवत सात महिन्यांच्या पोटुशा बायकोला, कोकिळाला, माहेरी, धाड गावाला, घेऊन निघाला होता. फोन नुसताच वाजत राहिला. वाहेदने मोटारसायकलला किक मारली.

वाटेत गर्दी दिसली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. जवळ गेल्यावर कळलं, कडब्याचा ट्रॅक्टर कलंडला होता. चिखलीच्या अलीकडे चहाच्या हॉटेलापुढे भागवतची पांढरी गाडी उभी दिसली, तेव्हा कुठे त्याने श्वास सोडला. पुढच्या सीटचं कव्हर तो ब्लेडने कापायला लागला, तसा भागवत धावत आला.

"काऊन फाडून राह्यले, वाहेदभाई? डोकं फिरलं का?"

"चूक झाली, भाऊ. कोकिळाताईच्या बाजूची एअरबॅग म्या शिवून टाकली. ठोकर लागली असती तं उघडलीच नसती."

कोकिळाचा हात पोटावर गेला. "फाडू द्या त्यायले," ती म्हणाली.

टाका इतका पक्का होता की बोट कापलं. चारचौघं बघत होते. वाहेदला लाज वाटली, पण हात थांबला नाही.

भागवतची गाडी धाडकडे गेली. वाहेद चहा सांगणार, तेवढ्यात दुसरी एक गाडी येऊन थांबली. आतल्या सीटांची आपल्याच हातची लाल किनार त्याने लांबूनच ओळखली.

"वाहेदभाई!" राजकुमार काच खाली करून हसला. "तीन सालं झाले, एक टाका नाई उसवला!"

"माहीत हाय, भाऊ," वाहेद ब्लेड घेऊन उठला. "जरा खाली उतरा."