आत्याला न दाखवलेली फाइल

दोंडाईच्याहून बेबाबाई आत्या आली, ती थेट माझ्या काउंटरवर. मी जळगावच्या एका खासगी दवाखान्यात रेकॉर्ड सांभाळते, पेशंटच्या साऱ्या फाइली माझ्या ताब्यात. आत्याने लाल मिरच्यांची पिशवी काउंटरवर ठेवली आणि समोरची अख्खी रांग शिंकायला लागली. त्या गोंधळात ती माझ्या कानाशी वाकली.

"ज्योत्स्ना, एरंडोलनी रत्ना आठेज दवाखानामा व्हती ना? काय व्हयनं व्हतं तिले, एवढं सांगी दे."

रत्ना म्हणजे आत्याच्या कुंदनला सांगून आलेली मुलगी. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं आणि रविवारी साखरपुडा होता. आमच्याकडे सोयरीक पक्की होण्याआधी चौकशी झाल्याशिवाय राहत नाही. शेजारी, किराणावाला, शाळेतले मास्तर, कोणी सुटत नाही. त्यात घरचीच पोरगी दवाखान्यात नोकरीला, मग काय! तिथलं कपाट म्हणजे आपल्याच घरातला मिसळणाचा डबा, असं सगळ्या सोयऱ्यांना वाटतं.

"आत्या, नाही सांगता येणार."

"मी काय परकी शे?"

"तू माझीच आहेस. पण फाइल तिची आहे ना."

रत्नाला काय झालं होतं ते मला माहीत होतं. तुम्हालाही सांगणार नाही, उगाच वाट बघू नका. पण मी गप्प राहिले की संशय त्या पोरीवरच जाणार होता. झालंही तसंच.

"म्हंजे काहीतरी मोठंच शे," आत्या म्हणाली. "मी आत्तेच कुंदनले बलावस. हाई लगीन नई व्हनार."

ती बाकावर बसून मोठमोठ्याने फोनवर बोलू लागली. माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण आज एकीसाठी तोंड उघडलं, तर उद्या जिच्याबद्दल गप्प बसेन तिचं काय? लोक माझ्या गप्प बसण्याचाच अर्थ लावतील. मी पुढच्या पेशंटची फाइल काढायला घेतली. आत्याचा इतका राग आला होता, आणि आपल्यामुळे एका पोरीचं ठरलेलं मोडतंय म्हणून रडूही येत होतं.

कुंदन इथेच जळगावात, मेहरूण भागात राहतो, तो थोड्याच वेळात आला. स्कूटरवर मागे चक्क रत्ना. ती इथेच एका शाळेत शिकवते. त्याने तिला वाटेत सोबत घेतलं होतं आणि सगळं सांगून टाकलं होतं. ती कोणाकडे न बघता माझ्यासमोर आली आणि तिने आधार कार्ड ठेवलं.

"माझी फाइल मला मिळेल?"

"मिळेल की. तुमचीच आहे."

मी अर्जावर तिची सही घेतली. तिने फाइलची प्रत घेतली, बाकाशी गेली आणि ती आत्यासमोर बाकावर ठेवली.

"मावशी, घ्या, वाचा. मग कुंदनची फाइलही मी आजच वाचते. मागच्या वर्षी तेही इथेच ॲडमिट होते ना?"

आत्याचा चेहरा खर्रकन उतरला. ती उठली ती जवळजवळ धावतच काउंटरवर आली.

"ज्योत्स्ना, मन्हा पोऱ्यानी फाइल कोनले दखाडू नको, माय."

"नाही दाखवणार, आत्या. मघापासून हेच तर सांगतेय."

तिकडे कुंदन लाजून लाल झाला होता. मग तो रत्नाकडे वाकला आणि त्याने स्वतःच तिच्या कानात काहीतरी सांगितलं. रत्ना तोंडावर हात धरून हसली, आणि तिनेही त्याला हळूच काहीतरी सांगितलं. मला इतका आनंद झाला, की पुढचा पेशंट दोनदा नाव सांगतोय हे मला कळलंच नाही.

आत्या परत बाकाकडे गेली. तिथे रत्नाची फाइल तशीच पडली होती आणि येणारे-जाणारे त्या कागदांकडे बघत होते. आत्याने ती उचलली, न उघडता रत्नाच्या पर्समध्ये घातली आणि स्वतःच्या हाताने चेन ओढून घेतली.

"आशी उघडी नको टाकू, बेटा," ती म्हणाली. "लोके देखतस."