तेल तापलंय

मला माझ्या कानांचा फार अभिमान होता. बाकी अभिमान बाळगावा असं माझ्याकडे विशेष काही नाही. पोट पुढे गेलंय, केस मागे गेलेत, आणि आठवडाभर मी बेलफर्ड गावच्या मुख्य रस्त्यावर लोकांना गालिचे विकतो. पण शुक्रवारी चार वाजले की गावच्या रेडिओवर मी ‘तुमचा जाणकार लाइल’ असतो. ही पदवी मला कुणी दिलेली नाही. वाट बघून कंटाळलो आणि मीच घेतली.

आमचा रेडिओ वाचनालयाच्या तळघरात आहे. त्याचा आवाज मक्याच्या कोठारांपलीकडे जात नाही आणि वारा उलटा असला तर कोठारांपर्यंतही पोचत नाही, असं माझी बायको रोंडा म्हणते. ऑक्टोबर उजाडला की मी तिथे फक्त हॅलोवीनची, म्हणजे महिनाअखेरच्या भुताखेतांच्या सणाची, गाणी लावतो. तीही अशी, की कुणी कधी ऐकली नसावीत आणि ऐकल्यावर का ऐकली नव्हती ते लगेच कळावं. एका दाताच्या डॉक्टरनं पेशंट घाबरू नयेत म्हणून स्वतः गायलेलं भुताचं गाणं माझ्याकडे आहे. शवपेट्या विकणाऱ्या दोघा भावांनी वाजवलेली पोल्का नाचाची धून आहे. असल्या रेकॉर्डी शोधत ओहायोभरच्या चर्चमधले जुने बाजार मी गुडघ्यांवर रांगत पालथे घातले आहेत.

“बाकीच्या बायकांना विचारतात, नवरा अजून पितो का,” रोंडा म्हणते. “मला विचारतात, नवरा अजून तसली गाणी ऐकतो का. आणि विचारताना माझ्या हातावर हात ठेवतात गं बाई, हात!”

सप्टेंबरच्या शेवटी अशाच एका बाजारात मी नाताळच्या गाण्यांचं एक खोकं उचललं. तळाशी एक छोटी काळी तबकडी निघाली. नाव नाही, कंपनी नाही, मधल्या कागदावर पेन्सिलीचा एक पुसट फराटा. घरी आलो तेव्हा टर्नटेबलवर कसलीशी मोठी रेकॉर्ड अर्धी ऐकून ठेवलेली होती. ती काढली, ही ठेवली, सुई टेकवली.

अंगावर काटा आला. खोल विहिरीतून यावा तसा एका पुरुषाचा आवाज आला. एकेक शब्द रखडत, फरफटत. “याऽऽ... आऽत याऽऽ... तेऽल ताऽपलंऽय... सगळ्यांऽना जाऽगा आहेऽऽ...” मागे मधूनमधून घंटेचे टोल. शेवटी तर त्याहून खोल असा दुसराच कुणीतरी काहीतरी गुरगुरला, आणि संपलं.

मी रोंडाला हाक मारली. तिनं भांडी पुसत दारातून ऐकलं.

“कोण आहे हा?”

“सैतान,” मी म्हणालो. “नरकाच्या दारात उभा राहून पापी लोकांना आत बोलावतोय. तेलाची कढई ऐकलीस ना?”

“आणि मध्ये ते ‘पहिला फुकट’ काय म्हणतोय?”

मी क्षणभर गडबडलो. पण जाणकार माणूस अडत नसतो. “पहिलं पाप,” मी म्हणालो. “पहिलं पाप फुकट असतं. मोह असाच लावतात.”

रोंडानं माझ्याकडे बघितलं, हातातल्या ताटलीकडे बघितलं, आणि ताटली पुसायला आत गेली.

पुढच्या शुक्रवारी ती रेकॉर्ड मी लावली. लावण्याआधी इतका वेळ बोललो की गाण्यापेक्षा प्रस्तावनाच लांब झाली. नंतरही बोललो. घंटा नक्की कोणत्या पद्धतीच्या चर्चची असावी, तेही सांगितलं. मला वाटलं, नेहमीसारखे दोन फोन येतील, त्यातला एक माझ्या बहिणीचा. पण कुणीतरी ते इंटरनेटवर टाकलं आणि आठवडा संपायच्या आत दुकानात फोन आला. शिकागोहून कॉर्बिन स्लोट बोलत होता.

हा कॉर्बिन विसरलेली, विक्षिप्त गाणी शोधून त्यांचे अल्बम काढतो. आमच्या जमातीत त्याचं नाव घेताना लोक टोपी काढतात. “लाइल, हे सोनं आहे,” तो म्हणाला. “हॅलोवीनच्या अल्बमचं पहिलं गाणं. पाकिटावर ठळक छापू, शोध : लाइल हॉकनबरी. फक्त गाणाऱ्याच्या घरच्या कुणाची तरी परवानगी मिळव.”

मी फोन ठेवला आणि एका गिऱ्हाईकाला चुकून अर्ध्या किमतीत गालिचा देऊन टाकला. साठ वर्षांच्या आयुष्यात माझं नाव फक्त एकदा छापून आलं होतं, आणि तेही वर्तमानपत्रात, हरवलेल्या कुत्र्याच्या जाहिरातीखाली. पाकिटावरची ती ओळ मला हवी होती. लाज वाटावी इतकी हवी होती.

म्हणून पुढच्या शुक्रवारी मी रेडिओवरून आवाहन केलं. हा माणूस कोण, कुणाला ठाऊक असेल तर फोन करा. फोन लगेच वाजला. मी तो थेट प्रक्षेपणातच घेतला.

“ती... मी... आहे,” पलीकडून आवाज आला. पण तो आवाज कसला! एका सुरातली नुसती यांत्रिक घरघर, पत्र्याच्या डब्यात गांधीलमाशी अडकावी तशी.

मी खूश झालो. ऑक्टोबरात पोरं असले चाळे करतातच. “वा! काय आवाज लावलाय! बाई, थडग्यातून बोलताय की पाताळातून?”

“माझं... नाव... अर्लीन...”

“अर्लीन, पाताळात हवा कशी आहे? तेल तापलं का?”

“ऐक... तू...”

“ऐकलंत मंडळी? याला म्हणतात हॅलोवीनचा उत्साह!” असं म्हणून मी बटण दाबलं आणि शवपेटीवाल्या भावांची पोल्का लावली. आतापर्यंतचा तो माझा सगळ्यात चांगला कार्यक्रम झाला, असं सगळ्यांचं मत पडलं. सगळ्यांचं म्हणजे माझं आणि बहिणीचं.

पुढच्या आठवड्यात दुकानात एक म्हातारी बाई आली. ताठ, नीटनेटकी, गळ्याला निळा रुमाल. मी पुढे झालो.

“या, या. कुठल्या खोलीसाठी बघताय?”

तिनं पर्समधून दाढीच्या मशीनएवढं एक यंत्र काढलं, रुमाल जरा बाजूला केला आणि ते गळ्याला लावलं.

“तू... माझा... फोन... कापलास,” ती घरघरत म्हणाली.

दुकानात चार गिऱ्हाईकं होती. माझ्या दुकानात पायाखाली जमीन दिसत नाही, सगळीकडे गालिचे अंथरलेले. नाहीतर तिला तिथेच दुभंग म्हटलं असतं. एका आजारी बाईला सगळ्या गावासमोर मी पाताळातली हवा विचारली होती.

“बस रे कुठेतरी, पडशील,” ती म्हणाली. यंत्रातून रागही तसाच येतो आणि मायाही तशीच येते, त्यामुळे कळायला जरा वेळ लागला. “मी अर्लीन फेटरहॉफ. तू हॉकनबरीचा ना? माझ्या वडिलांच्या टपरीवर यायचास. तोंडभर साखर.”

आणि मला आठवलं. जत्रेतली तळलेल्या डोनटची टपरी, पत्र्यावर झारा वाजवून ओरडणारा एक दांडगा माणूस.

“मिसेस फेटरहॉफ,” मी म्हणालो, “पण ती रेकॉर्ड तर पुरुषाची आहे.”

तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं. अशा नजरेनं लहानपणी गणिताच्या बाई बघायच्या. “बाळा, टर्नटेबलवर वेगाचं बटण असतं. ते बघितलंस का?”

आम्ही वाचनालयाच्या तळघरात गेलो. मी रेकॉर्ड लावली. बटण तेहतीसवर होतं, म्हणजे मिनिटाला तेहतीस फेरे. घरीही ते तेहतीसवरच होतं, आधीच्या मोठ्या रेकॉर्डसाठी. तिनं हात लांब करून ते अठ्ठ्याहत्तरवर नेलं.

एक मुलगी गाऊ लागली. सोळा-सतरा वर्षांची, खणखणीत, हसू दाबत गाणारी. “या, आत या! तेल तापलंय! सगळ्यांना जागा आहे! पहिला फुकट, दुसरा विकत!” मागे झाऱ्याची टणटण, अगदी तालात. ज्या घंटेवर मी व्याख्यान झोडलं होतं, तो झारा! आणि शेवटी माझा तो दुसरा सैतान मायेनं म्हणाला, “अर्लीन, हसून म्हण की, लोकांना हसू ऐकू येतं.”

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा तर गोठाच रिकामा निघाला.

मिसेस फेटरहॉफनं पुन्हा लाव अशी खूण केली. मग पुन्हा. जत्रेत आवाज भरून लगेच तबकडी काढून देणारी पेटी आली होती, तिथे बापलेकीनं हे केलं होतं. वडील गेले, सामान विकलं गेलं, त्यात ही रेकॉर्डही गेली. आणि नंतर गळ्याच्या ऑपरेशनात आवाज गेला. हे तिनं थोडं थोडं करून सांगितलं. समोरच्याला अडवून त्याचं वाक्य पुरं करायची मला सवय आहे, पण त्या दिवशी मी तिची वाक्यं तिलाच पुरी करू दिली.

“ऑपरेशननंतरच्या हॅलोवीनला सोंगं घेऊन पोरं खाऊ मागायला आली, मी दार उघडलं,” ती म्हणाली. “पोरांना म्हटलं, या, आत या. पोरं किंकाळ्या फोडत पळाली. एकीची आई म्हणाली, आजी, सोंग जरा जास्तच झालं. तेव्हापासून पडवीतला दिवा लावत नाही. दिवा नसला की पोरं पुढच्या घरी जातात.” तिनं टर्नटेबलकडे बोट केलं. “गावानं एकदा माझा आवाज ऐकावा. माझा. एवढंच.”

मी कॉर्बिनला फोन केला.

“डोनटची जाहिरात?” तो म्हणाला. “असल्या माझ्याकडे पेट्या भरल्यात. नाही नाही, हळू वेगातलीच ठेवू. सैतानच हवा. म्हातारीची सही घे आणि गप्प राहा. कुणाला कळणार?”

“तिला ती नीट वाजलेली हवी आहे.”

“मग अल्बममध्ये नाही, आणि तुझं नावही नाही. विचार कर.”

मी विचार केला. खोटं कशाला सांगू, पुष्कळ केला. रात्रीच्या जेवणाला मी रोंडाला म्हणालो, “हळू वाजवली तरी आवाज तिचाच आहे ना. तांत्रिक दृष्ट्या.”

“तांत्रिक दृष्ट्या तू माणूस आहेस,” रोंडा म्हणाली. “बटाटे घे.”

हॅलोवीन शुक्रवारीच आला. तळघरात मिसेस फेटरहॉफ माझ्या शेजारी बसली होती, तोच निळा रुमाल बांधून. तिला मी कॉर्बिनचं सगळं सांगितलं होतं. “कार्यक्रम तुझा, बटण तुझं,” एवढंच ती म्हणाली होती. प्रक्षेपण सुरू झाल्याचा लाल दिवा लागला तेव्हासुद्धा बटण तेहतीसवरच होतं आणि माझं बोट त्यावर. मला ते पाकीट दिसत होतं, त्यावरचं नाव दिसत होतं. अक्षरंसुद्धा मी निवडून ठेवली होती.

तिनं डोळे मिटले होते. ओठ हलत होते. सूर लागायच्या आधी गाणाऱ्यांचे हलतात तसे.

मी बटण फिरवलं.

“मंडळी,” मी म्हणालो, “महिनाभर तुमच्या जाणकारानं तुम्हाला सैतान म्हणून जो ऐकवला तो सैतान नाही. ती अर्लीन आहे. आणि त्या दिवशी तिनंच फोन केला होता, आणि मी गाढवासारखा हसलो. आता ऐका.”

गाणं संपलं. मी माइक तिच्याकडे सरकवला. तिनं यंत्र गळ्याला लावलं. “तीही मीच... हीही मीच,” ती म्हणाली. “आज दिवा लावतेय... तेल तापलंय... या.”

सहा वाजता रोंडानं मला जबरदस्तीनं मिसेस फेटरहॉफच्या घरी नेलं. कुणी येणार नाही असं मला वाटत होतं, म्हणजे माझे श्रोते किती ते मला माहीत होतं. पण पडवीतला दिवा लागला होता आणि फाटकापर्यंत पोरं उभी होती. चादरी पांघरलेली भुतं, चेटकिणी, एक भोपळा. घरातून गरम साखरेचा वास येत होता. दारात मिसेस फेटरहॉफ एका हातात यंत्र, दुसऱ्या हातात चिमटा घेऊन उभी होती.

“आजी, पुन्हा म्हण ना!” पोरं ओरडत होती.

“पहिला... फुकट!” ती घरघरली, आणि पोरं आनंदानं किंचाळली. पण एकही पळालं नाही.

रोंडा चुलीशी मदतीला गेली. मी रांगेच्या टोकाला उभा राहिलो, कारण एवढ्या लहान गावात रेडिओवाल्यालाही रांग चुकत नाही. रांग सरकत दाराशी आली तेव्हा पुढच्या भोपळ्यानं मागे वळून मला खालून वर न्याहाळलं. ढिली पँट, दुकानाचा शर्ट, त्यावर नावाची पट्टी.

“तू कसलं सोंग घेतलंयस?” त्यानं विचारलं.

मी नावाच्या पट्टीवर हात ठेवला, तोवर दारातून मिसेस फेटरहॉफनं यंत्र गळ्याला लावलं.

“जाणकाराचं,” ती म्हणाली, आणि माझा पहिला, फुकटचा डोनट माझ्या हातावर ठेवला.