पालखीत बसलेला भोई

दिगंबरपंतांना सरकारातून पालखीचा मान नुकताच मिळाला होता. तेव्हापासून ते समोरच्या मारुतीलाही पालखीतूनच जात. पालखी सदाशिव पेठेतल्या त्यांच्या दारातून निघून वळायची, की पोचलेली असायची.

अशाच एका वळणावर मागच्या बजरंग भोयाचा पाय गटारात गेला. मागच्याला रस्ता दिसत नाही, म्हणून पुढच्यानं ओरडून सांगायचं ही भोयांची रीत. पुढून भैरू "खड्डा हाय!" असं ओरडलाही, पण तोवर खड्डा येऊन गेला होता. बजरंगचा पाय आत, अंग बाहेर आणि खांद्यावर पंत. तरी त्यानं पालखी पडू दिली नाही. पंत खाली उतरले, मगच तो खुबा धरून कोसळला.

"पंत, लागलं न्हाई नव्हं?" त्यानं विचारलं.

पंतांना लागलं नव्हतं, पण भरून आलं. भोयाचा खुबा गेला की भोई गेला, हे त्यांनाही कळत होतं. त्यांनी बजरंगला पालखीत निजवलं. आता एक खांदा कमी पडला. पंतांनी पगडी सारखी केली आणि दांड्याखाली खांदा दिला.

चौघांनी उचललेला आडवा माणूस बघून वाटेत लोक हात जोडू लागले.

"कोण गेलं हो?" एका बाईंनी विचारलं.

"कुणी गेलं न्हाई," आतून बजरंग म्हणाला. "कसब्यात चाललोय. पंत, जरा गुडघ्यात वाका, दणके बसत्यात."

कसब्यातल्या दत्तोबा हाडवैद्यानं दोन्ही पाय जुळवून पाहिले, खुबा चाचपला.

"निखळला नाही. अर्धा सरकलाय."

"म्हणजे काय?" पंतांनी विचारलं.

"म्हणजे तुमच्या पेठेतला पाहुणा. 'येतो' म्हणून उठलाय आणि उंबऱ्यावर उभा राहून बोलतोय. धड आत नाही, धड बाहेर नाही. ढकलायचं नसतं, हात धरून आत आणायचं."

दोघा भोयांनी बजरंगची कंबर धरली. दत्तोबानं त्याचा गुडघा दुमडून मांडी सावकाश ओढली. बजरंगनं दात आवळले. मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीत बसला.

"बरा झालो!" म्हणून बजरंग उठायला लागला. दत्तोबानं त्याला परत झोपवलं.

"पाहुणा आत आलाय, पण दार खिळखिळं झालंय. सांध्याभोवतीचे बंध ताणलेत. ते आवळेपर्यंत मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, ओझं घ्यायचं नाही."

"किती दिवस?"

"ते बंधांना विचारा."

बजरंग पडून राहिला. पडल्या पडल्या पाऊल हलवायचा, मांडी आवळून सोडायचा. उशाशी बायको, शकू, बसलेली असे. "उठून तर बघा," ती म्हणायची, "दुसरा खुबा मी सरकवते."

पंतांनी दुसरा भोई ठेवला नाही. ते मारुतीला चालत गेले आणि तो इतका जवळ आहे याचं त्यांना नवल वाटलं.

मग दत्तोबानं काठी दिली. बजरंग अंगणात उभा राहिला आणि उभाच राहिला.

"दुखतंय का?" शकूनं विचारलं.

"न्हाई. पुढनं कुणी काय बोलंना."

मिसरूड फुटल्यापासून हा माणूस हाकेवर चालला होता. सरकलेलं जागेवर बसलं, पण पायाला हुकूम कोण देणार? शकूनं भैरूला आणि जोडीच्या संपत भोयाला बोलावणं धाडलं. ते कोरा वासा घेऊन आले. पुढे भैरू, मागे संपत, मधे बजरंग, वाशावर नुसता हात ठेवून.

"सपाट हाय!" भैरू ओरडला.

पाय उचलला.

"तुळस हाय! कोंबडी हाय! कोंबडी गेली!"

रोज हे चाले. आधी अंगण, मग बोळ. बजरंग घामानं निथळायचा, ओठ चावायचा, पण एकदाही "आज राहू दे" म्हणाला नाही. काही दिवसांनी काठी कोपऱ्यात गेली. मग रिकामी पालखी, मग जोंधळ्याचं पोतं. प्रत्येक वेळी दत्तोबा खुबा चाचपून मान हलवी, तेव्हाच पुढचं.

दसऱ्याला पंत पालखीत बसले. बसताना ते पोत्यापेक्षा अवघडलेले होते. पालखी वळली. तेच गटार.

"खड्डा हाय!" भैरू ओरडला. या वेळी खड्ड्याच्या आधी.

बजरंगनं पाय उचलला, ओलांडला, टेकला. दांडा हललासुद्धा नाही. थोडं पुढे गेल्यावर मागून आवाज आला.

"पंत, मधोमध सरका अन् लोडाला टेका. दणके कमी लागत्यात. मी बसून बघितलंय."

पंत सरकले. लोडाला टेकले.

"आणि तू गुडघ्यात वाक," ते म्हणाले. "मी उचलून बघितलंय."